सुखाच्या वहीचा तिसऱ्याच आठवड्यात कंटाळा येतो, काय चुकतंय?

सोनटक्का: रोज रात्री दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या, अशी वही चालू आहे. आता 'चहा छान झाला, लोकलमध्ये बसायला मिळालं, आईचा फोन' एवढंच फिरून फिरून येतं आणि लिहिताना आत काही हलत नाही. पद्धत चुकतेय का? आणि गोष्ट घडत असतानाच तिचा आस्वाद घ्यायचा, तर नेमकं काय करायचं?

तळटीप: वहीत 'काय' आहे, 'का' नाही. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या प्रयोगात हे फक्त एक आठवडा करायचं होतं, आणि प्रत्येक गोष्टीपुढे ती का घडली तेही लिहायचं होतं. कारण गाळलं की उरते वाण्याची यादी. 'बसायला मिळालं' यात बघण्यासारखं काही नाही. 'कुर्ल्याला उतरणाऱ्या काकूंनी घाटकोपरलाच खुणावून ठेवलं, चौथी सीट होती पण वारा लागत होता' हे महिन्याने वाचलं तरी डोळ्यांपुढे येतं.

रोज तर लिहूच नका. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. रविवारी एकच गोष्ट, पाच-सहा ओळी. महिनाभरात तीच गोष्ट परत नको.

बशीतला चहा: वहीचं वर आलंच आहे. घडत असतानाचं सांगतो, चहाच घेऊ.

ओतल्या ओतल्या प्यायलात तर जीभ भाजते आणि चव जाते. चार-पाच मिनिटं थांबा, नाहीतर सरळ बशीत ओता. (अवांतर: ६५ अंशांवरच्या पेयांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलंय, तेव्हा बशीवाले शहाणेच.) मग आधी वास. आलं, वेलची, दूध यांतलं एकच काहीतरी शोधा. लक्ष फक्त पहिल्या तीन घोटांपुरतं. नाक वासाला लवकर सरावतं, त्यामुळे पुढे मन उडणारच, त्याला ओढून आणू नका. अर्ध्यावर कप खाली ठेवून जरा खिडकीत जाऊन या, परत आल्यावर वास पुन्हा लागतो. फोन दुसऱ्या खोलीत. पालथा ठेवून भागत नाही, थरथरतो.

मोठी चूक एकच: पिता पिता 'मला आत्ता आनंद होतोय का' हे तपासणं. २००३ मध्ये स्कूलर, एरिएली आणि लोवेनस्टाइन या संशोधकांनी लोकांना स्ट्राविन्स्कीचं संगीत ऐकवलं. आपण किती खूश आहोत हे ऐकता ऐकता मोजत बसलेल्यांचा आनंद त्या मोजण्यानेच घटला. लक्ष चहाकडे हवं, स्वतःकडे नको.

ओसरी: +१. एक भर. आस्वाद घेण्याच्या या विषयात मानसशास्त्रज्ञ फ्रेड ब्रायंट यांचं काम मोठं आहे, आणि चांगल्या क्षणावर पाणी ओतणारे विचार हा त्यातला एक भाग. आपल्याकडे ते तयारच मिळतात: 'फार हसू नये, रडावं लागतं', 'दृष्ट लागेल', 'गेल्या वर्षीचा हापूस काय होता!' विचार आला तर भांडू नका, पुढची फोड उचला.

चांगली गोष्ट कोणाला सांगताय तेही बघा. मानसशास्त्रज्ञ शेली गेबल यांच्या अभ्यासात ऐकणाऱ्याचा प्रतिसाद महत्त्वाचा ठरला. 'मग पुढे?' विचारणारं एक माणूस पुरतं. ग्रुपवर टाकलं तर आठ अंगठे येतात आणि विषय संपतो.

आणि दोन आठवड्यांहून जास्त कशातच गोडी वाटत नसेल, तर तो वहीचा दोष नाही. ते नैराश्याचं लक्षण असू शकतं. डॉक्टरांना भेटा किंवा १४४१६ (टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन, मोफत) वर बोला.

सोनटक्का: गोडी आहे हो, वहीच कंटाळवाणी झाली होती. रविवारचं करते. पण गवती चहा घातला की आलं ओळखूच येत नाही, त्याचं काय?

बशीतला चहा: दोन्ही एकदम टाकताय. आलं दुधाच्या आधी, पाण्यातच चांगलं उकळा, नाहीतर दूध फाटायची भीती. गवती चहाची पात शेवटी, गॅस बंद करून दोन मिनिटं झाकण. झाकण काढलं की पात नाकात येते, आलं गिळल्यावर घशात कळतं.