प्रोटॉन उपचाराचे नियोजन प्रोटॉन प्रतिमेवरूनच व्हावे का?

धागालेखक:
कर्करोगाच्या गाठीवर प्रोटॉनचे किरण सोडतात, तेव्हा हे प्रोटॉन आपली बरीचशी ऊर्जा वाटेच्या अगदी शेवटी, ब्रॅग शिखरापाशी सोडतात आणि तिथेच थांबतात. या उपचाराचे सारे बळ त्यात आहे. तरीही ते कुठे थांबतील हे आपण अजून क्ष-किरणांच्या सीटी स्कॅनवरून काढतो. क्ष-किरणांच्या शोषणावरून ऊतींची रोधनक्षमता, म्हणजे त्या प्रोटॉनला किती अडवतात हे, ठरवताना साधारणपणे ३.५ टक्क्यांची अनिश्चितता धरली जाते. २० सेंटिमीटर खोलीवर ती ७ मिलिमीटर होते, आणि मज्जारज्जूची जाडीच जेमतेम सेंटिमीटरभर असते! म्हणून गाठीमागे मज्जारज्जू असला की सोयीची दिशा सोडून आडवळणाने किरण द्यावे लागतात. जास्त ऊर्जेचे प्रोटॉन शरीरातून आरपार पाठवून त्यांनी गमावलेली ऊर्जा मोजली, तर हे रूपांतरच टळेल. ही कल्पना सीटी स्कॅनचे एक जनक ॲलन कॉरमॅक यांनी १९६३ सालीच सुचवली होती. इतका विलंब मला खटकतो.

प्रतिसाद १:
विलंबाला कारणे आहेत. प्रोटॉन शरीरात सरळ जात नाहीत, विखुरतात. त्यामुळे प्रत्येक प्रोटॉन आत शिरताना आणि बाहेर पडताना टिपून त्याचा संभाव्य मार्ग गणिताने काढावा लागतो, आणि एका प्रतिमेसाठी असे कोट्यवधी प्रोटॉन लागतात. शिवाय २३० एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट) ऊर्जेचा प्रोटॉन पाण्यात सुमारे ३३ सेंटिमीटर जातो. धिप्पाड रुग्णाच्या ओटीपोटातून तो आडवा बाहेरच पडणार नाही. दोन वेगळ्या ऊर्जांच्या क्ष-किरणांनी काढलेल्या, म्हणजे दुहेरी ऊर्जेच्या सीटीने ही अनिश्चितता बरीच कमी होते आणि ते यंत्र आज हाताशी आहे. नियोजन करताना मला जास्त चिंता असते ती रुग्णाचे वजन उतरण्याची किंवा सायनस स्रावाने भरण्याची.

धागालेखक:
ओटीपोटाबाबतचा आपला आक्षेप मला मान्य आहे. पण सायनस भरण्याचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. हवेच्या जागी स्राव आला की प्रोटॉन अलीकडेच थांबतात आणि गाठीच्या टोकाला मात्रा कमी पडते. रुग्ण उपचाराच्या टेबलावर असतानाच त्याच दिशेने एक प्रोटॉन रेडिओग्राफ, म्हणजे आरपार गेलेल्या प्रोटॉनवरून काढलेली सपाट प्रतिमा, घेतला, तर हा फरक किरण देण्यापूर्वीच कळेल.

प्रतिसाद १:
पडताळणीसाठी तो घ्यावा, याला माझा विरोध नाही. डोके आणि मान या भागांपासून सुरुवातही करता येईल. मात्र गाठीची सीमा आखायला लागणारी स्पष्टता त्यात नसते, म्हणून नियोजनाचा पाया सीटीच राहावा, या मतावर मी ठाम आहे.