पापकबुली आणि पावित्र्य

उपासनेच्या आरंभीच पापकबुली ठेवल्याने स्तुतीचा आनंद झाकोळतो, हे आपले मत मला पटत नाही. बायबलमधील यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात सराफीम, म्हणजे देवाच्या सिंहासनापाशी असलेले स्वर्गीय सेवक, ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ असे घोषित करतात, तेव्हा यशयाला कोणीही कबुली द्यायला सांगत नाही. देवाचे पावित्र्य पाहताच आपले ओठ अशुद्ध असल्याचे तोच कळवळून बोलतो. त्या सराफीमांच्या सहा पंखांपैकी दोन मुख झाकण्यासाठी, दोन पाय झाकण्यासाठी आणि उडण्यासाठी केवळ दोनच आहेत, हे मला फार बोलके वाटते. मग वेदीवरचा निखारा चिमट्याने उचलून यशयाच्या ओठांना लावला जातो, त्याचा दोष दूर होतो, आणि त्यानंतरच, ‘मी कोणाला पाठवू?’ या देवाच्या प्रश्नाला ‘मला पाठव’ हे उत्तर त्याच्या तोंडून निघते. कॅथलिक मिस्सामध्ये, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनाविधीत, आरंभी पश्चात्ताप असतो आणि पुढे भाकर व द्राक्षारसाच्या अर्पणानंतर तोच त्रिवार घोष सारी मंडळी एकमुखाने गाते. तेथे आनंद उणावत नाही. क्षमा मिळालेल्या ओठांनी तो घोष गाता येतो, हेच त्या आनंदाचे कारण आहे. बायबलच्या नव्या करारातील ‘इब्री लोकांस पत्र’ याचा लेखकही दहाव्या अध्यायात येशूच्या रक्ताच्या आधारे परमपवित्रस्थानात, म्हणजे देवाच्या सान्निध्याच्या सर्वांत आतल्या स्थानी, धैर्याने प्रवेश करण्यास सांगतो.