जुन्या सागाचा हिशेब

टेबलासाठी साग कुठून घ्यायचा असं विचारलं की "वखारी बंद झाल्या, आता वनखात्याच्या लिलावातूनच साग घ्यायचा" असं कुणीतरी सुचवतं. बल्लारपूर, परतवाड्याला माल उत्तम असतो, पण तिथे गोल ओंडके थप्पीने, म्हणजे अख्खा ढीग एकदम, विकले जातात. शिवाय वाहतूक परवाना, चिराई आणि मग वाळवण (ढोबळ हिशेबाने इंचाच्या जाडीला एक वर्ष). एका टेबलासाठी एवढा खटाटोप कशाला?

जुने वाडे पाडणाऱ्यांकडचा साग बघा, तो आधीच वाळलेला असतो. फक्त घनफुटाचा हिशेब स्वतः करा: फुटांत लांबी × इंचांत रुंदी × इंचांत जाडी ÷ 144. दाराच्या चौकटीचा 7 फुटी, 5 बाय 3 इंचांचा खांब 0.73 घनफूट भरतो. पण दाराच्या फळीसाठी जाडीत घेतलेली अर्ध्या इंचाची खाच आणि जमिनीकडचं कुजकं अर्धा फूट वगळलं की हाती 0.56 च उरतो. भाव त्यावर ठरवा. चिरायला नेण्याआधी लोहचुंबक फिरवून खिळे उपटा. डोकं तुटलेला खिळा रंगाखाली दिसत नाही, आणि त्यावर करवतीचं पातं गेलं की लाकूड गिरणीवाला भरपाई तुमच्याकडूनच घेणार. बिजागऱ्यांच्या जागा तर दोनदा तपासा.