‘कापड उद्योगाचे स्थलांतर’ म्हणावे का? गिरणी, साचा, लूम, खर्चीवाला

प्रश्न

भूगोलाच्या एका लेखात मी ‘मुंबईच्या कापड उद्योगाचे भिवंडी, मालेगाव व इचलकरंजीला स्थलांतर झाले’ असे लिहिले आहे. संपादकांनी ‘स्थलांतर’ खोडून ‘विकेंद्रीकरण’ केले. कोणता शब्द ठेवू? आणि पुढे ‘गिरणी’ आणि ‘यंत्रमाग’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले तर चालेल का?

इचलकरंजीहून उत्तर

ताई, दुसऱ्या प्रश्नाचे आधी सांगतो: चालणार नाही. यंत्रमाग म्हणजे एक यंत्र, आणि गिरणी म्हणजे अख्खी व्यवस्था. मुंबईच्या मोठ्या गिरणीत एकाच कुंपणाच्या आत कापसाच्या गासड्या यायच्या, सूत निघायचे, कापड विणले जायचे आणि धुऊन-रंगवून बाहेर पडायचे. आमच्या गावात ‘गिरणी’ म्हटले की सूतगिरणी, नाहीतर दळणाची. कापड निघते ते लूमवर, म्हणजे यंत्रमागावर. चारच माग असले तरी त्या शेडला ‘कारखाना’ म्हणतात. सायझिंग (उभ्या सुताला खळ लावणे) एकाचे, माग दुसऱ्याचे, प्रोसेस (धुणे-रंगवणे) तिसऱ्याची. गिरणीतली खाती सुटी होऊन वेगवेगळ्या मालकांकडे असावीत, तशी ही रचना आहे.

त्यामुळे इथले शब्दही गिरणीत नसलेल्या नात्यांचे आहेत. सायझिंगहून बीम (उभे धागे गुंडाळलेला मोठा रूळ) आले की वहिफणीवाला त्यातला एकेक धागा वहीतून (धागे वर-खाली करणाऱ्या चौकटीतून) आणि फणीतून ओवतो. हे काम नजरेचे आणि बोटांचे. मग जॉबर, म्हणजे माग लावून देणारा कारागीर, बीम मागावर चढवतो. आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात सुताची कांडी बसवली जाते आणि धोटा एकदा या कडेचा त्या कडेला गेला की एक पीक झाले. ‘किती पिकाचं कापड?’ हा इथला रोजचा प्रश्न, कारण इंचात पीक किती त्यावर मीटरमागे मजुरी ठरते. आणि ‘खर्चीवाला’ म्हणजे ज्याचे माग स्वतःचे, पण सूत आणि कापड व्यापाऱ्याचे. तो विणून देतो आणि मजुरी घेतो. त्याला मालक म्हणावे तर बाजार त्याच्या हातात नाही, कामगार म्हणावे तर विजेचे बिल त्याच्या नावावर. मंदीत तो सगळ्यांत आधी भरडला जातो, आणि लेखांमध्ये त्याचा उल्लेखही नसतो. तुम्ही तो जरूर करा.

आता ‘स्थलांतर’. इचलकरंजीपुरते ते चुकीचेच आहे. इथे 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी या धंद्याला बळ दिले. म्हणजे मुंबईच्या गिरण्या भरात होत्या तेव्हाच इथे सुरुवात झाली होती. पुढे माग वाढले त्याला कारणे होती. 1956 पासून गिरण्यांना माग वाढवण्यावर बंधन आले. 1948 चा कारखाना कायदा विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगारांपासून लागू होई, म्हणून घरातल्या वेगवेगळ्या नावांवर छोटे छोटे कारखाने निघाले. गिरणीत पाळी आठ तासांची, मागावर बारा तासांची. कापड स्वस्त पडले ते असे. त्याची किंमत कोणी मोजली, हे लेखात यायला हवे.

लालबागहून

दादांचे पटले. भिवंडी-मालेगावबद्दल थोडी भर घालते. आमच्याकडे, मुंबईच्या गिरणगावात, मागाला ‘साचा’ म्हणत आणि विणणाऱ्याला ‘साचेवाला’. पाळी, खाडा, रोज सकाळी गेटवर कामाची वाट बघणारा बदली कामगार, हे सगळे त्याच जगातले शब्द. 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्या काळात भिवंडीत विणलेल्या कापडावर मुंबईच्या गिरण्यांचा छाप बसत होता. नंतर गिरण्यांतले जुने साचे काढून विकले गेले, त्यातले कितीतरी भिवंडी-मालेगावला पोचले आणि तिथे ‘लूम’ झाले. साचेवाला मात्र मागोमाग गेला नाही. भिवंडीच्या लूमवर उत्तर प्रदेशातून आलेले विणकर मोठ्या संख्येने होते. कोकणातला, घाटावरचा गिरणी कामगार गावी परतला किंवा मुंबईतच मिळेल ते करत राहिला. म्हणून गिरणगावात कुणाच्या तोंडी ‘उद्योग स्थलांतरित झाला’ असे येत नाही. ‘गिरणी बंद पडली’ असेच म्हणतात. ‘स्थलांतर’ लिहिले की वाचणाऱ्याला वाटते माणसेही सोबत गेली असतील, आणि मला तो शब्द तिथेच खटकतो.

इचलकरंजीहून, पुन्हा

बरोबर. ‘विकेंद्रीकरण’ही इथे नको. तो ठरवून करण्याच्या गोष्टीचा शब्द आहे. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) स्थापन करून सरकारने ठिकठिकाणी औद्योगिक वसाहती वसवल्या, त्याला तो शोभतो. तुमचे वाक्य असे करून बघा: ‘विणकाम मुंबईच्या गिरण्यांतून भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागांकडे गेले आणि गिरण्या बंद पडल्या.’ संपादकांना एकच शब्द हवा असेल तर ‘विखुरणे’ सुचवा.