तुमचं टेम्प्लेट कुठे दडलं होतं? नाशिककरांनो, लिहा

इंदिरानगर (धागा मीच काढलाय)
सोसायटीचे अध्यक्ष म्हणाले, "ताई, वार्षिक सभेची नोटीस आजच लावा, 14 दिवस आधी लागते." मी निवांत. गेल्या वर्षीच तिचं टेम्प्लेट, म्हणजे दरवेळी नुसता भरायचा तयार साचा, करून ठेवलेलं. वर्ड उघडलं, फाइल, न्यू. समोर रेझ्युमे, कॅलेंडरं, विलायती वाढदिवसाची कार्डं. आपली नोटीस गायब. डेस्कटॉप धुंडाळला, डाउनलोड्स उपसलं, मुलावर खेकसले. शेवटी त्यानेच दाखवलं: त्या चकचकीत चित्रांच्या वर 'ऑफिस' आणि 'पर्सनल' असे दोन बारके शब्द असतात. पर्सनलवर टिचकी मारली, नोटीस हजर. आता तुमचं सांगा.

सिडको
ताई, तुमच्याकडे पर्सनल दिसलं तरी. नवं वर्ड टाकल्यावर माझ्याकडे तो शब्दच नव्हता. कारण असं की 2010पर्यंतचं वर्ड आपली टेम्प्लेटं ॲपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरात ठेवायचं, आणि 2013पासून ते डॉक्युमेंट्समधल्या 'कस्टम ऑफिस टेम्प्लेट्स'मध्ये बघतं. माल जुन्या घरात, पोस्टमन नव्या पत्त्यावर! विंडोज आणि आर दाबून त्या चौकटीत ॲपडेटाचं इंग्रजी स्पेलिंग, मागेपुढे टक्क्याचं चिन्ह लावून टाका. मग मायक्रोसॉफ्ट, मग टेम्प्लेट्स. तिथून उचलून नव्या फोल्डरात टाकलं. ऑप्शन्समध्ये सेव्हखाली पर्सनल टेम्प्लेट्सचा पत्ता विचारतात, तो भरला. वर्ड बंद करून उघडलं, सगळी 19 परत आली.

सीबीएसजवळ, टायपिंगवाला
मला सापडायची अडचण कधीच नव्हती, नको तितकं सापडायचं. भाडेकराराचं, म्हणजे लिव्ह अँड लायसन्सचं, 11 महिन्यांचं मॅटर रोज लागतं. फोल्डरात जाऊन टेम्प्लेटवर डबल क्लिक केलं की वर्ड त्याची कोरी प्रत काढून देतं, मूळ जागचं हलत नाही. पण मी घाईत वर्डच्या आतून ओपन केलं. तसं केलं की मूळ टेम्प्लेटच उघडतं. भरलं, सेव्ह मारलं, दोन प्रिंट काढल्या. पुढचे तीन करार पंचवटीच्या त्याच घरमालकाच्या नावाने निघाले! तिसरं गिऱ्हाईक माझ्या टेबलाशीच वाचत बसलेलं, "अहो, हे कोण?" म्हणाले. लीगल साइजचे कागद वाया गेले ते गेलेच, वर चहा मी पाजला. तेव्हापासून मूळ फाइलला रीड-ओन्ली करून ठेवतो.

अंबड, वर्कशॉप
आम्ही लिब्रेऑफिसवाले, म्हणजे वर्डसारखंच, पण फुकटचं. कंट्रोल, शिफ्ट आणि एन एकदम दाबा, टेम्प्लेटांची खिडकी उघडते. सापडणं एवढंच. गंमत पुढची. कोटेशनचं लेटरहेड मी तिथे 'सेट ॲज डीफॉल्ट' करून ठेवलं. त्या संध्याकाळी मुलीने निबंधासाठी नवं पान उघडलं, तर वर आमच्या लेथ-मिलिंगची पाटी आणि खाली 'जीएसटी वेगळा'. तिने तसाच लिहून नेला. त्याच खिडकीत उजव्या क्लिकवर 'रीसेट डीफॉल्ट' असतं, हे मला उशिरा कळलं.

नाशिकरोड, शाळेत लिपिक
बोनाफाइडचं टेम्प्लेट पेनड्राइव्हवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं तर 'विद्यार्थी'च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं. फाइल बिघडली नव्हती, तिथे कृतिदेव हा फॉन्ट नव्हता. आता युनिकोडमध्येच टाइप करते, त्याला तो फॉन्ट लागत नाही. बास.

पिंपळगाव बसवंत (येतो तर रोज नाशकात)
द्राक्षाच्या सीझनला पॅकिंग लिस्ट फोनवरच, गुगल डॉक्सवर. त्यांच्या गॅलरीत आपलं टेम्प्लेट टाकायला कंपनीचं खातं लागतं, साध्या जीमेलवर ती सोय नाही. म्हणून मूळ डॉक्युमेंटची लिंकच सगळ्यांना पाठवायचो. एकदा ड्रायव्हरने त्यातच गाडीचा नंबर भरला, दुसऱ्याने खोडून आपला टाकला, तिसऱ्याने पेट्यांचा आकडा बदलला. भाच्याने तोड काढली: लिंकमध्ये शेवटी 'एडिट' असतं, ते आणि त्यापुढचं सगळं खोडून इंग्रजीत 'कॉपी' लिहायचं. आता लिंक उघडणाऱ्याला आधी स्वतःची प्रत करावीच लागते.

इंदिरानगर
सिडकोवाले दादा, तुमचं ते विंडोज-आर करून पाहिलं. माझ्याआधीच्या सचिवांची 2014ची नोटीस निघाली तिथून. विषय क्रमांक 3, टाकीची गळती. या वर्षीच्या नोटिशीत तोच विषय 5 नंबरला आहे.