पाच लाखांचं कार्ड असताना दिव्यांगांना वेगळा विमा कशाला?

नंदनवनकर
शीर्षकातला प्रश्न माझा नाही, ऑफिसात ऐकलेला. बोलणाऱ्याचं म्हणणं, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला ५ लाखांचं कवच आहे, मग दिव्यांगांचा 'निरामय' आरोग्य विमा बंद करा. माझा साफ विरोध.

फुले योजना मुख्यतः भरती झालेल्या पेशंटसाठी. माझ्या पुतणीला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नाही. तिला ऑपरेशन नको, फिजिओ हवी, स्पीच थेरपी हवी, फिट्सची गोळी तर रोजची. ताठलेला पाय कोणी नियमित सोडवला नाही तर स्नायू आखडत जातो. यातलं भरतीत काय बसतं? केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामयमध्ये १ लाखापर्यंत संरक्षण आहे आणि त्यात ओपीडी, औषधं, थेरपी येते. वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी नाही. असा विमा बाजारात दाखवा.

महालवाला
१ लाख कागदावर, भाऊ. आत प्रत्येक गोष्टीला वेगळी मर्यादा. वर बिलं जमवा, फॉर्म भरा, दरवर्षी नूतनीकरण करा. हप्ता कंपनीला आणि कागदं आईबापाला! तोच पैसा नागपूरच्या मेडिकल-मेयो या सरकारी दवाखान्यांच्या फिजिओ विभागात टाका. शिवाय बोगस प्रमाणपत्रवाले आहेतच.

नंदनवनकर
बोगसवाल्यांना पकडा ना, खऱ्यांचा विमा काहून काढता? राहिलं मेडिकल. पंधरा वर्षांची मुलगी उचलून ऑटोत बसवायची, उतरवायची, तासभर रांगेत धरून ठेवायची. हे आठवड्यातून तीनदा करून पाहा. घराजवळच्या थेरपिस्टचं बिल लावता येतं, हीच तर निरामयची सोय.

जरीपटका_एक्स्प्रेस
तुमच्या दोघांच्या भांडणात आम्ही सिकलसेलवाले कुठंच नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे रक्ताचे आजारही आले. निरामय मात्र चौघांसाठीच: ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, बहुविकलांगता. आणि सिकलसेलचे पेशंट विदर्भात किती, ते नागपूरकरांना सांगायला नको. क्रायसिस, म्हणजे असह्य दुखण्याचा झटका, आला की भरती होते. पण तो येऊ नये म्हणून हायड्रॉक्सियुरिया हे औषध, त्यासाठी पुन्हापुन्हा रक्त तपासणी, आणि त्या दिवसाची रोजी बुडते ती वेगळीच. निरामय वाचवा म्हणता, आधी आम्हाला आत तर घ्या.

महालवाला
हेच म्हणत होतो! यादी वाढत जाईल, हप्ता कोण भरेल?

जरीपटका_एक्स्प्रेस
कायद्याचं कलम २५ वाचा. उत्पन्नाच्या अटीवर, घराजवळ मोफत उपचार ही सरकारची जबाबदारी लिहिली आहे. विम्यातून द्या नाहीतर दवाखान्यातून.

नंदनवनकर
महापालिकेला दिव्यांगांसाठी ५ टक्के निधी राखून ठेवावा लागतो. दहा झोन आहेत. झोनमागे एक फिजिओ, एक स्पीच थेरपिस्ट का नको?

महालवाला
या मागणीवर मी सही करतो. विम्यावर नाही.

नंदनवनकर
करा. पण त्या झोनमध्ये थेरपिस्ट येऊन बसेपर्यंत निरामयला हात लावायचा नाही, हेही त्याच अर्जात लिहिणार आहे.

महालवाला
मग आधी मसुदा टाका इथं, वाचून सांगतो.