टँडमचं पॅराशूट आणि व्हिडिओचे जादा पैसे

टँडम म्हणजे स्कायडायव्हिंगमध्ये इन्स्ट्रक्टरला बांधून घेऊन दोघांनी एकाच पॅराशूटने विमानातून मारलेली उडी. त्यात एकच पॅराशूट दिवसभर घडी करून वापरतात, हे धोक्याचं नाही का, आणि व्हिडिओचे जादा पैसे कशाला, असं काहीजण विचारतात. मुख्य पॅराशूट दर उडीनंतर पॅकर पसरून घडी करतात, त्यात वावगं काही नाही. राखीव पॅराशूटची गोष्ट निराळी. अमेरिकेत ते परवानाधारक रिगरच, म्हणजे पॅराशूट बांधणारा-तपासणारा तंत्रज्ञच, बांधतो आणि सील करतो. उघडलं नसलं तरी १८० दिवसांनी पुन्हा तपासून बांधावंच लागतं.

खरी झीज दोऱ्यांची. स्पेक्ट्रा नावाच्या कृत्रिम धाग्याच्या दोऱ्या स्लायडर (पॅराशूट हळू उघडावं म्हणून दोऱ्यांवरून खाली सरकणारा कापडाचा तुकडा) घासून तापतात आणि आखडतात, त्यातही ब्रेकच्या आणि कडेच्या जास्त. मग उघडताना पॅराशूट वेडंवाकडं वागतं. ड्रोगचंही तेच. दोघांचा वेग ताशी १९० किमीच्या आसपास रोखणारी ही छोटी छत्री. तिच्या आतली किल लाइन, म्हणजे नंतर तिला मिटवणारी दोरी, आखडली तर ती पूर्ण फुगतच नाही. पण पर्यटक विचारतात ते हार्नेस स्वच्छ आहे का म्हणून!

व्हिडिओचं म्हणाल तर वेगळा कॅमेरामन म्हणजे विमानातली आणखी एक जागा आणि एक अख्खी उडी. २०० उड्यांआधी कॅमेरा लावू नये, अशी यूएसपीएची (अमेरिकेतल्या स्कायडायव्हिंग संघटनेची) शिफारस आहे, कारण हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यात दोरी अडकू शकते. तुमचं पॅराशूट उघडलं की व्हिडिओत तुम्ही झपकन वर गेल्यासारखे दिसता. प्रत्यक्षात कॅमेरामन खाली पडतच असतो. फक्त चेहरा हवा असेल, तर इन्स्ट्रक्टरच्या मनगटावरचा कॅमेरा पुरे, आणि स्वस्तही.